माती परकी, भट्टी इथली

सिरॅमिकच्या कारखान्यात फरशीची पहिली परीक्षा पाण्याची असते. फरशी सुकवून तोलायची, दोन तास उकळत्या पाण्यात ठेवायची, चार तास त्याच पाण्यात निवू द्यायची, ओल्या फडक्याने टिपून पुन्हा तोलायची. वजन शेकडा अर्ध्याहून जास्त वाढले तर तिला पोर्सिलेन म्हणता येत नाही. आंतरराष्ट्रीय प्रमाणांत तिचा गट बदलतो, आणि गट बदलला की बाजार बदलतो, भावही बदलतो. एक किलोच्या फरशीला पाच ग्रॅम पाण्याची मुभा. रास अल खैमाच्या सिरॅमिक उद्योगाबद्दल लिहायला बसलेला माणूस बहुधा चौरस मीटरच्या कोट्यवधींपासून सुरुवात करतो. त्या आकड्यांकडे आपणही येऊ. पण ते आकडे उभे आहेत या पाच ग्रॅमवर, म्हणून सुरुवात इथून.

या अमिरातीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना राक सिरॅमिक्स हे नाव सांगावे लागत नाही. घरातल्या वॉशबेसिनवर ते असते, हॉटेलात बशी उलटी केली तर तिच्या बुडाशी त्याच घराण्याच्या राक पोर्सिलेनची मुद्रा असते, आणि अल जझीरा अल हमराच्या रस्त्याने जाताना कारखान्याची लांबलचक शेड दिसते. कंपनीची स्थापना १९८९ सालची. संस्थापक शेख सौद बिन सक्र अल कासिमी. तेव्हा सत्ता त्यांचे वडील शेख सक्र यांच्याकडे होती. १९४८ पासून २०१० पर्यंत त्यांनी राज्य केले आणि ऑक्टोबर २०१० मध्ये त्यांच्या निधनानंतर शेख सौद शासक झाले. अबू धाबीच्या नशिबात जे तेल होते ते रास अल खैमाच्या नशिबात नव्हते. त्यामुळे इथे कारखानदारीचा विचार शेजाऱ्यांच्या आधी झाला. देशातला पहिला सिमेंट कारखाना इथला, १९८० साली सुरू झालेली जुल्फार ही औषध कंपनीही इथलीच. सिरॅमिक हे त्याच वाटेवरचे पुढचे पाऊल होते. कंपनीची धुरा सुरुवातीपासून २०१२ पर्यंत डॉ. खातर मसाद यांच्याकडे होती. मूळचे लेबनॉनचे, स्वित्झर्लंडचे नागरिक, आणि अभ्यासाने भूभौतिकीचे. खडकांचा अभ्यासक फरशीच्या कारखान्यावर बसला, याला मी योगायोग मानत नाही.

१९९१ मध्ये उत्पादन सुरू झाले तेव्हा दिवसाकाठी पाच हजार चौरस मीटर फरशी निघत होती.

आता एक प्रश्न, जो बाहेरून आलेल्या पाहुण्याला हमखास पडतो. या वाळवंटात आणि या उघड्याबोडक्या डोंगरांत माती कुठली? उत्तर असे की मोठ्या प्रमाणावर लागणारी योग्य माती इथे नाही. हजर पर्वताच्या या टोकाला चुनखडक आहे, तो इतका आणि इतका चांगला की खोर ख्वैरच्या सक्र बंदरातून तो जहाजे भरभरून बाहेर जातो. पण चुनखडकाचे आणि पोर्सिलेनचे जमत नाही. भिंतीवर लावायच्या सच्छिद्र फरशीत थोडा चुनखडक मुद्दाम घालतात. त्याने भाजताना आकसणे आटोक्यात राहते आणि फरश्या मापाला एकसारख्या निघतात. हाच खडक जमिनीच्या घट्ट फरशीत शिरला तर भट्टीत त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो. वरची ग्लेझ, म्हणजे काचेचा थर, तोपर्यंत वितळून बंद झालेली असते, वायू तिला भोक पाडून बाहेर पडतो, आणि हजारो फरश्यांवर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे उमटतात. म्हणजे दाराशी असलेला कच्चा माल निम्म्या कामाचा, आणि उरलेल्या निम्म्या कामासाठी चिकणमाती, फेल्डस्पार, केओलिन जहाजाने आणणे भाग.

माझ्या मते या संस्थेचा खरा इतिहास इथे सुरू होतो. ज्या गावाला स्वतःची खाण असते त्या गावाचा कारागीर मातीला हाताने ओळखतो, आजोबांनी सांगितलेल्या प्रमाणात वाळू मिसळतो आणि त्याचे चालून जाते. जिथे प्रत्येक जहाजातून थोडी वेगळी माती उतरते तिथे हाताची ओळख पुरत नाही. तिथे मोजावे लागते. मातीत केओलिनाइट किती, इलाइट किती, मोकळे क्वार्ट्झ किती, लोह किती, हे दर वेळी नव्याने ठरवायचे आणि कालच्या मिश्रणातून आज निघणारी फरशी परवाच्या फरशीशी रंगाने, मापाने आणि ताकदीने जुळवायची. दुबईच्या एखाद्या मॉलमध्ये सहा महिन्यांनी दहा फरश्या बदलायच्या झाल्या, तर त्या नव्या दिसता कामा नयेत. गिऱ्हाईक एवढेच मागते. त्या मागणीपायी प्रयोगशाळेत किती भट्ट्या लागतात, हे गिऱ्हाइकाला कळायचे कारण नाही. २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध पेटले आणि डोनबासची पांढरी माती इटली-स्पेनच्या कारखान्यांना मिळेनाशी झाली. पिढ्यान्‌पिढ्या फरश्या करणाऱ्या त्या गावांना एका रात्रीत नवी मिश्रणे बसवावी लागली. आयात मातीवर जन्मलेल्या कारखान्याला ही कसरत पहिल्या दिवसापासूनची.

थोडे आत शिरून काम पाहू. माती, फेल्डस्पार आणि क्वार्ट्झ पाण्यासह मोठ्या फिरत्या पिंपांत दळले जाते. तयार झालेला दाट गाळ स्प्रे ड्रायरमध्ये उंच फवारला जातो आणि गरम हवेत त्याचे बारीक गोल दाणे होतात. दाण्यांत पाच-सहा टक्के ओल शिल्लक ठेवायची. कमी राहिली तर प्रेसखाली दाणे एकमेकांना धरत नाहीत. जास्त राहिली तर साच्याला चिकटतात आणि पुढे भट्टीत कच्ची फरशी फुटते. प्रेसमध्ये चौरस सेंटिमीटरला चारशे किलोच्या आसपास दाब, मग सुकवणे, ग्लेझ, छपाई, आणि मग शंभर मीटरहून लांब रोलर भट्टी. बाराशे अंश सेल्सिअसच्या आगेमागे तापमान, आणि आत शिरल्यापासून बाहेर येईपर्यंत साधारण तासाभराचा खेळ. कुंभाराच्या आव्याला जे दिवस लागत, ते इथे तासावर आले आहे. त्यामुळे चुकीला वेळच मिळत नाही, तशी ती दुरुस्त करायलाही मिळत नाही.

या तासाभरात सगळ्यात घातकी क्षण आगीचा नसून निवण्याचा असतो. फरशीत न विरघळलेले क्वार्ट्झचे कण राहतात. ५७३ अंशांना क्वार्ट्झची स्फटिकरचना एकाएकी बदलते आणि कण आकसतो. भट्टीच्या त्या टप्प्यात गार हवा जास्त सोडली तर फरशीला केसाएवढी चीर जाते. ती कधी दिसते, कधी दिसत नाही. न दिसणारी चीर ओळखायला जुना भट्टीवाला फरशी बोटांवर तोलून ठोकतो आणि आवाज ऐकतो. यंत्रे आली, कॅमेरे आले, तरी ठोकून ऐकणारी माणसे लाइनवर अजून सापडतात, आणि माझा त्यांच्यावर विश्वास आहे.

दुसरी परीक्षा ग्लेझची. महाराष्ट्रातल्या जुन्या स्वयंपाकघरांत ओट्यामागच्या पांढऱ्या टाइल्सवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा असत आणि त्यांत हळद जाऊन त्या पिवळ्या पडत. गृहिणी घासून थकत, रेषा जात नसत. त्या रेषा म्हणजे वरची काच तडकलेली. कारण असे की सच्छिद्र फरशी वर्षानुवर्षे हवेतली ओल शोषून किंचित फुगते, काच फुगत नाही, आणि ताणाखाली काच टिकत नाही. दाबाखाली मात्र ती पुष्कळ सोसते. म्हणून ग्लेझचे मिश्रण असे बसवायचे की निवताना ग्लेझ खालच्या मातीपेक्षा थोडी कमी आकसावी आणि कायम दाबाखाली राहावी. हा हिशेब चुकला का, ते कळायला वर्षे थांबायचे नसते. फरशी बंद भांड्यात वाफेच्या दाबाखाली दोन तास ठेवतात आणि मग रंग लावून चिरा शोधतात. आखाताच्या किनाऱ्यावर ऑगस्टमध्ये चष्मा काढून पुसल्याशिवाय चालता येत नाही इतकी दमट हवा असते. अशा हवेत ही परीक्षा केवळ कागदोपत्री राहत नाही.

नव्वदच्या दशकात कंपनी सॅनिटरीवेअरकडे वळली आणि तिथे विज्ञान वेगळे होते. फरशी दाबून होते, कमोड ओतून होतो. मातीचा गाळ प्लास्टरच्या साच्यात ओतायचा, साचा पाणी शोषतो, कडेने माती जमत जाते. गाळ दाट हवा पण वाहता हवा, या परस्परविरोधी मागण्या. त्यासाठी सोडियम सिलिकेटसारखे पदार्थ चिमटीने घातले जातात. चिमूट चुकली तर गाळ दह्यासारखा बसतो. साच्यातून निघाल्यापासून भाजून तयार होईपर्यंत वस्तू दहा टक्क्यांहून जास्त आकसते, आणि सगळ्या बाजूंनी सारखी आकसत नाही. म्हणून पहिला नमुना करणारा माणूस मुद्दाम वेडावाकडा नमुना करतो, भट्टीने तो सरळ करावा म्हणून. ही कला पुस्तकात अर्धीच सापडते.

२००५ मध्ये राक पोर्सिलेन सुरू झाले. घरातली बशी आणि हॉटेलातली बशी यांत फरक आहे. हॉटेलातली बशी दिवसातून अनेकदा यंत्रात धुतली जाते, एकीवर एक आपटली जाते, आणि तिची कड आधी उडते. कडेची ताकद वाढवायची तर मातीत ॲल्युमिनाचे बारीक कण घालता येतात. चीर पुढे सरकताना त्यांना अडखळते. शिवाय अन्नाच्या भांड्याला कायद्याची वेगळी परीक्षा असते. बशीत चार टक्के ॲसेटिक ॲसिड चोवीस तास ठेवायचे आणि त्यात शिसे व कॅडमियम किती उतरले ते मोजायचे. लोणचे आणि कढी खाणाऱ्या आपल्या लोकांनी ही परीक्षा मनापासून मानावी.

प्रत्येक संस्थेच्या इतिहासात काही प्रयोग प्रदर्शनासाठी असतात. अंधारात उजळणारी फरशी राक सिरॅमिक्सने काढली. ती पाहायला छान आहे, आणि माझ्या मते तेवढीच. जंतुरोधक फरशी अधिक गंभीर काम, रुग्णालयांना उपयोगी. पण खरा बदल दोन ठिकाणी झाला. एक म्हणजे छपाई. स्पेनमध्ये २००० च्या सुमारास सिरॅमिकवर शाईच्या फवाऱ्याने छापण्याचे तंत्र आले आणि पंधरा वर्षांत जगभरच्या कारखान्यांतून जुने रबरी रोलर हद्दपार झाले. हजार अंशांपुढे टिकेल अशी शाई करणे हे रंगाचे काम नाही, खनिजांचे आहे. दुसरा बदल आकाराचा. इटलीच्या साक्मी कंपनीचे कंटिन्युआ तंत्र घेऊन साच्याशिवाय सलग दाबलेल्या मॅक्सिमस लाद्या इथे निघू लागल्या, १३५ सेंटिमीटर बाय ३०५ सेंटिमीटर. एवढी लादी उचलायची कशी यापेक्षा मोठा प्रश्न ती उन्हात किती वाढेल हा. हिशेब साधा आहे. तीन मीटरची लादी पन्नास अंश जास्त तापली तर साधारण एक मिलिमीटर वाढते. भर जुलैत पश्चिमेच्या भिंतीवर पन्नास अंशांचा फरक ही नवलाई नाही. एक मिलिमीटर ऐकायला क्षुल्लक वाटतो, पण त्याला जागा ठेवली नाही तर लादी भिंत सोडते.

मधल्या वर्षांत कंपनी बांगलादेशात गेली, भारतात गेली. आंध्रात सामलकोटला कारखाना झाला, पुढे मोरबीतही पाऊल पडले. २०१२ मध्ये अब्दल्ला मसाद मुख्याधिकारी झाले, २०१४ मध्ये समेना कॅपिटल या गुंतवणूक कंपनीने तीस टक्क्यांच्या आसपास भाग घेतला, मूळ धंद्याबाहेरचे पसारे आवरले गेले. २०२२ मध्ये क्लुडी ही जर्मन नळ कंपनी आली. आज वर्षाला ११.८ कोटी चौरस मीटर फरशी, ५७ लाख सॅनिटरीवेअर आणि ३ कोटी ६० लाख भांडी करण्याची क्षमता कंपनी सांगते. दिवसाला पाच हजार चौरस मीटरच्या त्या पहिल्या वर्षाशी ताडून पाहिले की झेप कळते.

मोरबीचे नाव आले तिथे थोडे थांबायला हवे, कारण तो धागा आपल्याकडे येतो. सौराष्ट्रातल्या सिरॅमिकचा पाया घालणाऱ्यांत परशुराम गणपुले हा मराठी माणूस होता. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात थानगढला त्यांनी पॉटरी काढली आणि परशुराम पॉटरी वर्क्स हे नाव पुढे मोरबी-वांकानेरपर्यंत पोहोचले. थानगढला माती होती. रास अल खैमाला इंधन होते, माती नव्हती. कोकणात कुडाळ-वेंगुर्ल्याकडे चिनी माती आहे, कासार्डे-फोंड्याला सिलिका वाळू आहे, आणि तरी तिथे मोरबीसारखे सिरॅमिकचे केंद्र उभे राहिले नाही. याचे उत्तर भूगर्भशास्त्रात सापडायचे नाही.

रास अल खैमात भट्ट्या मात्र राक सिरॅमिक्सच्या आधीपासून होत्या, आणि शतकानुशतके होत्या. शिमलजवळच्या वादी हकीलमध्ये, जुल्फार या इथल्या जुन्या बंदराच्या नावाने ओळखली जाणारी भांडी भाजली जात. चाकावर न घेता हाताने घडवलेली, लालसर रंगरेषांची ही भांडी चौदाव्या शतकापासून थेट विसाव्या शतकापर्यंत होत राहिली आणि आखाताच्या दोन्ही काठांवर गेली. तिथली माती डोंगरातून वाहून आलेली, थोडीच, पण गावच्या कुंभाराला पुरेशी. त्या भांड्यांना पाच ग्रॅमची अट लावली तर एकही उत्तीर्ण होणार नाही. पण पाण्याच्या भांड्याने पाझरावे म्हणूनच ते तसे केलेले असते. त्याच काळात जुल्फारच्या व्यापाऱ्यांच्या घरात चिनी पोर्सिलेन होते. १९८० नंतर ब्रिटिश, जपानी, फ्रेंच आणि जर्मन पथकांनी इथे खणले तेव्हा जुल्फारच्या ओबडधोबड खापरांबरोबर चीनच्या निळ्या-पांढऱ्या वाट्यांचे तुकडे निघाले. शिमलजवळच्याच कुश या टेकाडावर काम करणारे डेरेक केनेट यांनी रास अल खैमाच्या सासानी आणि इस्लामी काळातल्या खापरांची वर्गवारी २००४ मध्ये प्रसिद्ध केली. हेच केनेट पैठणच्या उत्खननाच्या २०२० मधल्या ग्रंथाचे एक लेखक आहेत. कुशला मिळतात तशी आखाती निळसर-हिरव्या ग्लेझची खापरे कोकणातल्या चौल बंदरातही मिळाली आहेत. चौलच्या शोधकार्यात सहभागी झालेले डेक्कन कॉलेजचे विश्वास गोगटे यांनी खापरांचे क्ष-किरण विवर्तन करून त्यातली खनिजे ओळखली आणि रूलेटेड वेअर नावाच्या प्राचीन भांड्यांची माती बंगालमधल्या चंद्रकेतुगढ-तामलुक भागातली असल्याचे मांडले. माती कुठली हे शोधायला पुण्यात जे यंत्र वापरले, तेच यंत्र फरशीच्या कारखान्यात जहाजातून उतरलेली माती कशी आहे हे पाहायला वापरतात. प्रश्नाचे टोक तेवढे उलटे.

या सगळ्याला शास्त्राची आणखी एक बाजू गेल्या दीड-दोन दशकांत जोडली गेली. शेख सौद यांच्या आश्रयाने रास अल खैमा सेंटर फॉर ॲडव्हान्स्ड मटेरियल्स ही संस्था उभी राहिली आणि २००९ पासून पदार्थविज्ञानाची आंतरराष्ट्रीय कार्यशाळा इथे भरू लागली. तिच्यामागे तेव्हा केंब्रिजला असलेले अँथनी चीथम आणि बंगळूरचे प्रा. सी. एन. आर. राव ही दोन नावे प्रामुख्याने आहेत. बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू केंद्रात शेख सक्र यांच्या नावाची प्रयोगशाळा आहे, तिचे मूळ या संबंधात. राव यांचे सिरॅमिकशी नाते जुने. १९८६ मध्ये झुरिकजवळ बेडनॉर्झ आणि म्युलर यांना तांब्याच्या ऑक्साइडच्या सिरॅमिकमध्ये अतिसंवाहकता सापडली आणि पुढच्याच वर्षी त्यांना नोबेल मिळाले. त्या घराण्याचा मूळ पदार्थ लँथॅनम कॉपर ऑक्साइड, त्याच्या रचनेवर राव आणि गांगुली यांचे काम १९८४ मधले होते. फरशी, कमोड, बशी यांच्यापलीकडे सिरॅमिकचे जग किती लांब जाते, ते या एका उदाहरणावरून लक्षात यावे. दाताची झिर्कोनियाची टोपी, मोबाइलमधले कपॅसिटर, जेट इंजिनाच्या पात्यांवरचा उष्णतारोधक थर, सगळे एकाच कुळातले.

या कार्यशाळेचा ओढा स्वाभाविकपणे ऊर्जेकडे आहे: सौरघट, बॅटऱ्या, सच्छिद्र स्फटिक. जगातले नामवंत येतात, तीन-चार दिवस बोलतात, जातात. फरशीवाला आपल्या भट्टीपाशी असतो. कार्यशाळेतला अर्धा दिवस अल जझीरा अल हमराच्या भट्टीवाल्यांसाठी राखून ठेवावा, असे मला फार वाटते. विषय शोधावे लागणार नाहीत. भट्टी आणि स्प्रे ड्रायर मिळून कारखान्याचा बहुतेक वायू खातात, तेव्हा बाराशेचे अकराशे चाळीस अंश करूनही पाच ग्रॅमची अट पाळता येईल असे मिश्रण कोणते? फुटलेल्या, भाजून झालेल्या फरशीची पूड नव्या मातीत किती टक्के चालते, आणि कितव्या टक्क्याला ताकद घसरते? आणि डोंगरातला जो चुनखडक जहाजांनी परगावी जातो, त्याला पोर्सिलेनच्या आसपास कुठे तरी, ग्लेझमध्ये का होईना, जास्त जागा देता येईल का?